परकी भाषेचा शिक्षक आणि स्वतःच्या तासाचे अवलोकन

इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने धडा वाचून दाखविला, कठीण शब्दांचे मराठी अर्थ फळ्यावर लिहून दिले आणि शेवटी समजले का, असे विचारले, की साऱ्या वर्गातून ‘यस सर’ असा एकच घोष उठतो. त्या घोषातील किती मुलांना धडा खरोखर समजला, हे कळण्यास मात्र मार्ग नसतो. महाराष्ट्रात २००० साली मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा स्वतः इंग्रजीचा श्रीगणेशा पाचवीत केलेल्या अनेक शिक्षकांवर ही भाषा लहानग्यांना शिकविण्याची जबाबदारी आली. अशा शिक्षकाला प्रशिक्षण द्यावयाचे ते कोणते?

मायकेल वॉलेस यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाचा विचार करून तीन वाटा दाखविल्या आहेत. पहिली कारागिराची. सुताराच्या हाताखाली उमेदवार शिकतो, तसे अनुभवी शिक्षकाचे पाहून शिकावयाचे. दुसऱ्या वाटेने शास्त्रज्ञांनी सिद्धान्त मांडावयाचे आणि शिक्षकाने ते वर्गात राबवावयाचे. तिसरी वाट चिंतनशील शिक्षकाची. तीत पुस्तकी ज्ञानाला आणि वर्गातील अनुभवाला सारखेच मोल असते. शिक्षक पाठ घेतो, त्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहतो आणि पुढचा पाठ सुधारतो. या विचारामागे डोनाल्ड शॉन यांचे १९८३ मधील प्रतिपादन आहे आणि त्याही मागे जॉन ड्यूई.

चिंतन या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. येथे ध्यानधारणा अभिप्रेत नसून एखादी साधी गोष्ट नेमकेपणाने पाहणे अभिप्रेत आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो, हीच बाब घ्यावी. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांत हे मोजले, तेव्हा हा अवधी सरासरी सुमारे एक सेकंद भरला. तो तीन सेकंदांवर नेताच मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्नाचा अर्थ लावावा लागतो, मग शब्द शोधावे लागतात. आपण किती थांबतो, उत्तरे त्याच चार मुलांकडून येतात काय, तासातील किती वेळ आपणच बोलतो, हे शिक्षकाने एकेका तासाला तपासून पाहिले तर पुढच्या तासात काय बदलावे ते त्याचे त्यालाच उमगते.

आपल्या देशातही या दिशेने विचार झालेला आहे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजी अध्यापनाचा गाजलेला बंगळूर प्रकल्प चालविणारे एन. एस. प्रभू यांनी पुढे १९९० साली असे मांडले, की सर्वांत उत्तम अशी एकच पद्धती नसते. शिकविण्यातून शिकणे कसे घडते याची शिक्षकाची स्वतःची जाण जिवंत आहे की नाही, हे महत्त्वाचे. स्वतः नवी पद्धती घडविणाऱ्याने असे म्हणावे, हे विशेष.

खरी अडचण आहे ती तपासणीची. पाठ टाचणाची वही अधिकाऱ्यांच्या सहीसाठी लिहिली जाऊ लागली, की ती मागील वर्षाच्या वहीवरून उतरविली जाते, हा अनुभव शाळांना नवा नाही. आपल्या उणिवांची नोंद वरिष्ठांच्या शेऱ्यासाठी पाठवावयाची असेल, तर कोणता शिक्षक ती प्रामाणिकपणे करील? ही वही शिक्षकाकडेच राहावी. भेटीस आलेल्या अधिकाऱ्याने ती मागू नये, हवे तर शिक्षक काय करून पाहत आहे एवढे विचारावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्याने आपणहून आपला अनुभव सांगितला, तर त्यावर गुणदोषांचा निवाडा न करता चर्चा व्हावी.

द्विशिक्षकी शाळेत सहकाऱ्याचा तास पाहावयास जावे, तर आपल्या वर्गांकडे कोणी पाहावयाचे? तेथे मोबाईलवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून शाळा सुटल्यावर ते ऐकणे शक्य आहे. पहिल्या खेपेस स्वतःचाच आवाज ऐकणे अवघड जाते. दुसऱ्या खेपेस मुलांचे आवाज ऐकू येऊ लागतात.