वेबसाइटवर खरंच किती लोक येतात? हिसाब घरच्या कॉम्प्युटरवर करा

रमजानचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, शाळेचा निकाल यासाठी आता मस्जिद, मदरसा, शाळा अशा अनेकांनी छोटी वेबसाइट काढली आहे. आमच्या हसनाबादसारख्या गावात लोक ती मोबाइलवर उघडतात. मग मीटिंगमध्ये कुणीतरी सांगतं, "महिन्याला हजारो हिट्स आहेत!" त्या आकड्यावर चंदा मागितला जातो, जाहिरात घेतली जाते, होस्टिंगचा महागडा प्लॅनही घेतला जातो. आकडा खरा आहे का, हे मात्र कुणी तपासत नाही.

तपासता येतं, तेही फुकटात. शाळेच्या ऑफिसात आवक रजिस्टर असतं, तसं सर्व्हरचंही एक रजिस्टर असतं. त्याला लॉग म्हणतात. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणतं पान मागितलं आणि ते मिळालं की नाही, याची एकेक ओळ त्यात पडते. या ओळींचा हिसाब मांडून देणारं एक सॉफ्टवेअर म्हणजे गोॲक्सेस. 2010 पासून ते मोफत मिळतं आणि साध्या डेस्कटॉपवर चालतं.

कसं बसवायचं?

कमांड खाली देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

1. विंडोज 10 किंवा 11 मध्ये पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'डब्ल्यूएसएल', जागा सोडून दोन डॅश आणि 'इन्स्टॉल' लिहा. उबंटू उतरेल. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, नाव आणि पासवर्ड ठरवा. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, घाबरू नका.
2. उबंटूमध्ये आधी 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल गोॲक्सेस' द्या. 'गो' आणि 'ॲक्सेस' जोडून लिहायचे.
3. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये 'रॉ ॲक्सेस' असतं. तिथून लॉग फाइल उतरवा, सेव्हन-झिपने उघडा आणि नाव ॲक्सेस.लॉग ठेवा. जुने लॉग सर्व्हरवरून पुसले जातात, म्हणून दर महिन्याला उतरवत चला.
4. त्या फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत 'डब्ल्यूएसएल' लिहून एंटर दाबा. मग 'गोॲक्सेस ॲक्सेस.लॉग', पुढे दोन डॅश लावून 'लॉग-फॉरमॅट', बरोबरचं चिन्ह आणि मोठ्या अक्षरांत 'कंबाइंड', शेवटी एक डॅश 'ओ' आणि 'रिपोर्ट.एचटीएमएल'. तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

रिपोर्ट कसा वाचायचा?

हिट म्हणजे माणूस नव्हे. एका पानावर 12 फोटो असतील, तर ते पान एकाने एकदा उघडलं तरी 13 हिट्स पडतात. गूगलसारख्यांचे बॉट येऊन जातात, तेही मोजले जातात. म्हणून 'युनिक व्हिजिटर्स' बघा. तोही अंदाजच आहे, कारण एकाच मोबाइल कंपनीचे अनेक ग्राहक एकाच आयपीवरून येऊ शकतात.

वेळेकडेही लक्ष द्या. लॉगमधल्या वेळेपुढे शून्यं असतील, तर ती आपली वेळ नाही. त्यात 5 तास 30 मिनिटं मिळवा. रात्री 11 ची गर्दी म्हणजे खरं तर पहाटेचे साडेचार, म्हणजे सहेरीची वेळ बघणारे लोक!

सर्वांत कामाचा आकडा 404. म्हणजे माणूस आला, पण पान सापडलं नाही. तो शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा पत्ता असेल, तर कुणाचा तरी मुलगा रिकाम्या हाताने परत गेला. ती लिंक आजच दुरुस्त करा.

ही अमानत आहे

लॉगमध्ये लोकांचे आयपी पत्ते असतात. तलाक, कर्ज, आजारपण अशा विषयांची पानं कोणत्या पत्त्यावरून उघडली गेली, हे त्यातून दिसतं. म्हणून रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, वेबसाइटच्या फोल्डरमध्येही ठेवू नका. कमांडमध्ये दोन डॅश लावून 'ॲनॉनिमाइझ-आयपी' जोडलं की पत्त्याचा शेवटचा भाग झाकला जातो. मूळ लॉग मात्र तसाच राहतो, काम झाल्यावर तो पुसून टाका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लोकांची माहिती जपायला सांगतो. आपल्याला तर अमानतीचा सबक त्याच्याही आधीपासून मिळालेला आहे.

आकडा छोटा निघाला तरी लाजू नका. चंदा देणाऱ्याला तोच सांगा. खरे पन्नास वाचक हे खोट्या पाच हजार हिट्सपेक्षा केव्हाही बरे.