वाहनाची झडती आणि प्रवाशाचे हक्क

समजा, तुम्ही शेअर टॅक्सीने गावी निघाला आहात. नाक्यावर पोलीस गाडी थांबवतात, चालकाची कागदपत्रे पाहतात, डिकी उघडायला लावतात, मग तुमची बॅग आणि शेवटी तुमचे खिसे तपासतात. आपल्याला ही एकच झडती वाटते. कायद्यात मात्र या गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

१. कागदपत्रे : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवण्याचे बंधन चालकावर आहे, प्रवाशावर नाही.

२. अंगझडती : अमली पदार्थांचा संशय असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ५० लागू होते. जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या, असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तो आधी सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग (१९९९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क न सांगता अंगावरून मिळालेल्या मालावरच आधारलेली शिक्षा टिकत नाही. तातडीच्या प्रसंगी अपवाद आहे, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते.

३. बॅग आणि गाडी : येथे कलम ५० चे संरक्षण मिळत नाही. बॅग म्हणजे 'अंग' नव्हे, असा निर्णय हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात २००५ साली झाला. अंगझडतीत चूक झाली, तरी गाडीत सापडलेला माल पुरावा म्हणून चालतो, हे २०१९ साली पंजाबमधील प्रकरणात ठरले.

४. माल कोणाचा? : नुसते गाडीत बसलेले असणे म्हणजे मालाचा ताबा नव्हे. ट्रकमधील पोत्यांवर बसलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निर्दोष सोडले. पण ताबा एकदा सिद्ध झाला, की 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणून अनोळखी सहप्रवाशाची पिशवी 'जरा धरा' म्हटल्यावर मांडीवर घेऊ नका.

५. अटक झाल्यास : अटकेची कारणे समजणे, वकिलाची भेट आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाणे, हे तुमचे हक्क आहेत. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती व जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे.

झडती चालू असताना धक्काबुक्की किंवा अडथळा करू नका. तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. शांतपणे कारण विचारा आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचा. कोणती वस्तू अंगावर, बॅगेत की गाडीत सापडली, हे त्यात बरोबर लिहिले आहे ना, ते पाहा. पुढे न्यायालयात बराचसा वाद त्याच ओळीवर होतो.