तिसऱ्या आठवड्यातला स्क्रू

इम्प्लांट बसवल्याला बावीस दिवस झाले होते. गाल उतरला होता, टाके निघाले होते, गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. खालच्या जबड्यात डावीकडे काही झालं होतं हे जीभ तिथल्या धातूच्या टोपीला लागली तरच आठवायचं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंना जरा फुशारकीनेच सांगितलं, "आता काहीच त्रास नाही. सकाळी चिवडासुद्धा खाल्ला."

त्या हसल्या नाहीत. "कुठल्या बाजूने?" एवढंच विचारलं.

"उजव्या."

"मग ठीक. सध्या तुमच्या स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असणार."

तीन आठवडे जपलेली गोष्ट पहिल्या दिवसापेक्षा कच्ची कशी, हे मला तेव्हा कळेना. घरी येऊन वाचत बसलो आणि चिवड्याचा डबा वरच्या फळीवर गेला.

इम्प्लांट बसवताना जबड्याच्या हाडात स्क्रूपेक्षा किंचित लहान भोक पाडतात. ड्रिलवर सलाइनची धार सतत चालू असते, कारण हाडाला उष्णता सोसत नाही. 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी हाडाला इजा होते, हे सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मग टायटॅनियमचा स्क्रू त्या भोकात पिळून बसवतात. पहिल्या दिवशी तो घट्ट असतो, तो निव्वळ दाबामुळे. लाकडात स्क्रू घट्ट बसतो तसा.

पण लाकूड मेलेलं असतं, हाड जिवंत. स्क्रूच्या आट्यांखाली दबलेलं, ड्रिलने दुखावलेलं हाड शरीर तसंच ठेवत नाही. हाड खाणाऱ्या पेशी तिथे येतात आणि तो खराब थर काढून टाकतात. त्यांच्या मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येऊन नवं हाड रचू लागतात, पण ते सुरुवातीला विस्कळीत आणि मऊ असतं. जुनी पकड गेलेली आणि नवी पुरती आलेली नाही, अशी ही मधली अवस्था. ती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस बेफिकीर होतो. गिलावा ओला असताना त्यात ठोकलेल्या खुंटीला कुणी छत्री अडकवत नाही. इथे मात्र गिलावा ओला आहे हे दिसत नाही.

स्क्रूला नेमका किती धक्का चालतो? हाड भरत असताना तो साधारण 100 ते 150 मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने जाडसर केसापेक्षा, जास्त हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होतं. मग तो स्क्रू कधीच पक्का होत नाही, काढावाच लागतो. यातली वाईट गोष्ट अशी की हे बहुतेकदा न दुखता घडतं. आपला मूळचा दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्याभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं आणि त्यातल्या नसांमुळे भातातला बारीक खडाही लगेच कळतो. इम्प्लांटला हे अस्तरच नाही. त्यामुळे किती जोरात चावलं, याचा अंदाज तिथे बोथट असतो.

टायटॅनियम हाडात असं रुजतं, हे मुळात दातांसाठी शोधलेलंच नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये पर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी खिडकी बसवायची आणि प्रयोग संपला की काढून पुन्हा वापरायची, असा बेत. ती निघेना. हाड धातूला चिकटून एकजीव झालं होतं. टायटॅनियमच्या अंगावर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर येतो आणि शरीर त्या थराला परकं मानत नाही. 1965 मध्ये ब्रोनमार्क यांनी योस्ता लार्सन या जन्मतःच जबड्यात व्यंग असलेल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. दंतवैद्यकाला ते पटायला मात्र 1982 ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट काम देत होते.

ब्रोनमार्क यांची पद्धत सबुरीची होती. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात, जिथे हाड जास्त पोकळ असतं, सहा महिने थांबून मगच दात. आता स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात, म्हणून हा काळ कमी झाला आहे. 'एका दिवसात पक्के दात' अशा पाट्या दिसतात, त्या सरसकट खोट्या नाहीत. हाड चांगलं असेल आणि सुरुवातीची पकड भक्कम असेल, तर निवडक रुग्णांना लगेच तात्पुरते दात देता येतात. पण त्यांनाही कित्येक आठवडे मऊच खायचं असतं आणि हे पाटीवर लिहिलेलं नसतं. माझ्या मते तिथे फसवणूक नसली, तरी लबाडी आहे.

इम्प्लांट बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांचे नियम सोपे आहेत. जखमेत रक्ताची गुठळी बसते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं, म्हणून तिला हलवायचं नाही. पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घोळवून बेसिनमध्ये नुसतं गळू द्यायचं, पिचकारी मारायची नाही. शहाळं प्यायचं तर ग्लासात ओतून. स्ट्रॉने ओढलं की गुठळीही ओढली जाते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्याने घाबरू नये. त्यानंतरही वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला, तर मात्र दवाखाना गाठायचा. भुलीचा असर काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिर असेल तर त्याच दिवशी कळवायचं. नसेला धक्का लागलेला असू शकतो.

खायला मुगाची खिचडी, ताकभात, आंबील. खसखस, तीळ आणि रव्याचे कण टाक्यांत अडकतात, ते पहिला आठवडा नकोत.

तंबाखूचं काय, हे वेगळं सांगायला हवं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या हाडाला रक्त हवं तिथेच ते कमी पोचतं. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळतं. आपल्याकडे शिवाय मिश्री आहे. ती बोटाने हिरडीवर घासतात, थेट जखमेवर. आणि ज्या बाया ती घासतात त्या 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. घरातल्या आजींना इम्प्लांटसाठी नेणार असाल तर मिश्रीचं तुम्हीच सांगा. मधुमेह आणि हाडं ठिसूळ होण्यावरची औषधंही आधीच सांगा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आणि पुढे कधी जिभेला टोपी हलल्यासारखी वाटली, तर ती बोटाने आवळायला जाऊ नका, त्याच दिवशी फोन करा. बहुतेक वेळा टोपीच सैल झालेली असते आणि काम दोन मिनिटांचं असतं. पण टोपी हलते आहे की खालचा स्क्रू, हे आरशात बघून कळत नाही.