पत्रिकेतला हर्षल

आपल्या घरांतील पत्रिकांत ‘हर्षल’ म्हणून जो ग्रह मांडतात, तो युरेनस. नाव ऐकून संस्कृत वाटावे. पण ते विल्यम हर्शेल ह्या गृहस्थाचे. हॅनोव्हरच्या लष्करी वाद्यवृंदातील ओबोवादकाचा हा मुलगा. इंग्लंडात बाथ येथे ऑर्गन वाजवून व शिकवण्या करून तो राही. मीही दरबारी वादकाचा मुलगा आणि शिकवण्यांवर जगणारा, तेव्हा माझा ओढा थोडा पक्षपाती आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

दिवसा शिकवण्या, रात्री दुर्बीण. आरसेही तो घरीच घाशी. एकदा हात न काढता सोळा तास घासणे चालले, तेव्हा बहीण कॅरोलाइन, स्वतः गायिका, त्याला घास भरवीत होती. १३ मार्च १७८१ च्या रात्री एक ‘तारा’ ठिपक्याहून मोठा दिसला. त्याला तो धूमकेतू वाटला. कक्षेचे गणित झाल्यावर शनीपलीकडचा ग्रह ठरला. राजाने सालीना २०० पौंडांची नेमणूक दिली आणि शिकवण्या सुटल्या.

ग्रहाचा व्यास पृथ्वीच्या चौपट. सूर्यप्रदक्षिणेस ८४ वर्षे. आस इतका कललेला की स्वारी जणू आडवी लोळत चालते. ध्रुवावर ४२ वर्षे उजेड, ४२ वर्षे अंधार.

आपल्या हैदराबादचाही त्याच्याशी धागा आहे. व्हेणू बाप्पू यांचे वडील बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस होते. मुलगा दुर्बिणींच्या सहवासात वाढला. पुढे त्यांनी तामिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभारली. १० मार्च १९७७ रोजी हर्षल एका ताऱ्याआड येत असता, आधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावल्याची नोंद तेथे भट्टाचार्य व कुप्पुस्वामी यांनी केली. त्याच रात्री अमेरिकन विमानातील दुर्बिणीनेही तेच टिपले. हर्षलाची कडी अशी उघडकीस आली.

हे सांगण्यास कारण घडले. काचीगुड्यातील माझ्या एका शिष्येचे जमत आलेले लग्न ‘सप्तमात हर्षल’ म्हणून मोडले. अहो, आकाश रोज फिरते. दररोज सुमारे दोन तास हर्षल सप्तमात असतोच! तेवढ्या वेळात जन्मलेल्या साऱ्या मुली काय बिनलग्नाच्या राहतात? तिच्या आईने शांतीचे विचारले. म्हटले, वहिनी, आपल्या जुन्या ग्रंथकारांना हा ग्रह ठाऊकच नव्हता, ते शांती कुठून सांगणार? आता नांदेडचे स्थळ आले आहे. त्यांनी पत्रिका अद्याप मागितलेली नाही. मुलीचे गाणे मात्र ऐकायचे म्हणतात. सध्या आमचा यमन चालू आहे.