नाताळांतील पितृस्मरण

नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण. आमच्या घरांतून तो मुलांच्या सुटीच्या रूपानें येतो. मुंबई-पुण्याकडील मुलें-सुना घरीं येतात, माजघर भरतें, आणि एरवीं विखुरलेलें कुटुंब चार दिवस एका पंक्तीस बसतें. परंतु या आठवड्याला दुसरीहि एक बाजू आहे, आणि नांदेड-लातूरकडील वाचकांस ती परकी वाटूं नये.

नांदेडास गोदातीरीं १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवला. त्यापूर्वीं कांहीं वर्षें, डिसेंबरच्या याच दिवसांत, त्यांचे चारी पुत्र बळी पडले : अजितसिंग व जुझारसिंग चमकौरच्या रणांत, जोरावरसिंग व फतेहसिंग सरहिंदास. तीनशें वर्षें उलटलीं, तरी शीख समाज आपल्या नित्य प्रार्थनेंत त्या चौघांचें स्मरण करतो. तेथें पित्यानें पुत्र गमावले. आम्हांस सांगावयाची आहे ती पुत्रांनीं पिते गमावल्याची हकीकत.

पहिल्या महायुद्धांत, डिसेंबर १९१५ मध्यें, टायग्रिस नदीच्या वळणांत वसलेल्या कूत-अल-अमारा या गांवीं जनरल टाउनशेंड यांची फौज तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. २४ डिसेंबरास तुर्की तोफांनीं तेथील किल्ल्याच्या मातीच्या भिंतीस खिंडार पाडलें व शत्रु आंत शिरला. १०३ मराठा पलटणीनें इतर हिंदी व गोऱ्या शिपायांच्या जोडीनें त्यास मागें रेटलें. रात्रीं पुन्हां हल्ला झाला. तोहि परतविला गेला. नाताळची सकाळ उजाडली तेव्हां किल्ला राखला होता, पण तो राखणारे कित्येक जण उरले नव्हते. पुढें तुर्कांनीं उपासमारीचें शस्त्र उपसलें. पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्मभावनेस्तव घोड्याचें मांस महिनोन्‌महिने नाकारलें. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं, आणि त्यांपैकीं अनेकांस कैदेंतच मृत्यु आला.

तेव्हां नांदेड व लातूर दोन्ही निजामाच्या राज्यांत होतीं. त्या राज्याचे घोडेस्वारहि याच युद्धांत मिसर व पॅलेस्टाइनकडे लढले. दिल्लीच्या तीन मूर्ति स्मारकांतील एक मूर्ति त्यांची आहे. रणांगणावरून आलेलें पत्र खेड्यांत वाचून दाखविण्याचें काम बहुधा शाळामास्तरांकडे किंवा कुलकर्ण्यांकडे येई. म्हणजे ज्यांच्या घरांतून कोणी पलटणींत गेलें नाहीं, त्यांच्याहि ओसरीवर तें दुःख आधीं उतरलें होतें.

अशा पत्रांत तारीख असे, तिथि नसे. कधीं तारीखहि नसे. मग त्या मुलानें बापाचें श्राद्ध करावयाचें तरी केव्हां? आमच्या शास्त्रकारांनीं याचाहि विचार केलेला आहे. मृत्युतिथि ठाऊक नसेल तर त्या महिन्याची अमावास्या सांगितली आहे. आणि शस्त्रानें मेलेल्यांसाठीं पितृपक्षांतील चतुर्दशी राखून ठेवली आहे. दूरदेशीं पडलेला मनुष्य विधीवांचून राहूं नये ही ममता या नियमांच्या मुळाशीं आहे.

आतां याच्या शेजारीं बसऱ्याचें स्मारक ठेवून पाहावें. १९२९ सालीं उभारलेल्या त्या भिंतींवर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांचीं मात्र, जीं ३३,००० हून अधिक होतीं, नांवें न कोरतां पलटणवार केवळ संख्या दिली. हा भेदभाव झाल्याचें राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं कबूल करून क्षमा मागितली. सुदैवानें आयोगाच्या नोंदींत यांतील पुष्कळ नांवें टिकलीं असून आतां तीं संगणकावर शोधतां येतात.

दगडावर नांव नसलें तरी घरांत आहे, असें कोणी म्हणेल. परंतु घरांतील नांवासहि मुदत असते. श्राद्धांत आपण पिता, पितामह व प्रपितामह या तिघांचाच नामोच्चार करतों. १९१५ सालीं जो पडला त्याचा पणतू आज साठीच्या आसपास आहे, आणि तो नांव घेणारा बहुधा शेवटचाच. त्याच्या मुलाच्या संकल्पांतून तें नांव गळेल. शिपायाच्या बाबतींत हा दुसरा मृत्यु होय. पहिला शत्रूनें दिला, दुसरा आपल्या हातून घडूं पाहत आहे.

म्हणून या सुटींत एक काम घरोघरीं व्हावें असें आम्हांस वाटतें. कुटुंब एकत्र बसलेलें असतांना घरांतील वडील बायामाणसांस विचारावें : आपल्यांतील, सासरचा, माहेरचा, आजोळचा, किंवा आपल्या वाड्याशीं संबंध असलेल्या कुळांतील कोण लढाईवर गेला होता? त्याचें नांव, गांव, पलटण, ठाऊक असल्यास शिपाई-क्रमांक, तो परतला कीं नाहीं, आणि मागें त्याच्या बायकोनें संसार कसा ओढला, हें सारें मुलांच्या हातून वहींत लिहून घ्यावें. कुलवृत्तांत छापणाऱ्या घराण्यांनीं त्यांत या माणसांस पानभर जागा द्यावी. बायकोची हकीकत गाळूं नये. बापाच्या त्यागाचा भार वाहिला तो तिनेंच.

बसऱ्यास कोरलें गेलें नाहीं तें नांव निदान आपल्या मुलाबाळांच्या हस्ताक्षरांत तरी उमटलेलें असावें. पितृऋण म्हणतात त्याचा एवढा हप्ता फेडणें आजहि आपल्या हातीं आहे.