अजिंठ्याची बहीण गोबीच्या कडेला

शिबी राजाची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. ससाण्याच्या तावडीतून सुटलेलं कबूतर राजाच्या आश्रयाला येतं, ससाणा आपला घास मागतो आणि राजा कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस तागडीत टाकत जातो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ही गोष्ट रंगवलेली आहे. तिकडे चीनच्या गान्सू प्रांतात, गोबी वाळवंटाच्या कडेला, डुनहुआंग नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या मोगाओ लेण्यांपैकी 254 क्रमांकाच्या लेण्यातही हाच राजा भेटतो. वर उचललेल्या हातावर कबूतर, पायाशी मांस कापणारा माणूस, बाजूला तराजू. मोगाओचं हे चित्र 5व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. अजिंठ्याची बहुतेक रंगकामं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे जवळजवळ त्याच सुमाराची.

मे 2015 मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि डुनहुआंग ही ‘भगिनी शहरं’ झाल्याचा करार बीजिंगमध्ये झाला. त्याच दौऱ्यात चेन्नई-चोंगचिंग आणि हैदराबाद-चिंगदाओ याही जोड्या जमल्या. आदल्या वर्षी मुंबई आणि शांघायची जमली होती. या सगळ्यांत संभाजीनगर आणि डुनहुआंगचं नातं मला सर्वांत खरं वाटतं, कारण ते कराराच्या कितीतरी आधीपासून भिंतींवर आहे.

भगिनी शहर म्हणजे नेमकं काय? दोन देशांतल्या दोन नगरपालिका किंवा महापालिका संस्कृती, शिक्षण, व्यापार अशा अनेक बाबतींत एकमेकींकडे जा-ये ठेवण्याचं कबूल करतात. जपानमध्ये याचे निकष ठरलेले आहेत. दोन्ही शहरांच्या प्रमुखांच्या सह्यांचा लेखी करार हवा, तो एकाच विषयापुरता नको आणि त्याला तिथल्या सभागृहाची मंजुरी हवी. आपल्याकडे परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय, त्यामुळे महापालिकेला कितीही हौस असली तरी परराष्ट्र मंत्रालयाच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नाही. आणि असे बहुतेक करार सामंजस्याचे असतात. त्यांत पैशाची तरतूद क्वचितच असते, आणि पाळला नाही म्हणून कुणी कोर्टात खेचत नाही. सगळा भार इच्छेवर.

ही इच्छा कुठून येते, ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीकडे पाहून कळतं. नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्बफेकीत हे शहर उद्ध्वस्त झालं. पुढे स्टालिनग्राडची तीच गत झाल्यावर कॉव्हेंट्रीतल्या आठशेहून अधिक बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामानं काढली, प्रत्येकीनं सहा पेन्स घातले आणि ते सगळं तिकडे पाठवलं. 1944 मध्ये ही दोन शहरं अधिकृतपणे जोडली गेली. युद्धानंतर याच कॉव्हेंट्रीनं जर्मनीतल्या ड्रेस्डेनशीही हात मिळवला. आधी सुईदोरा आला, सह्या नंतर.

अमेरिकेत 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी या कल्पनेला सरकारी बळ दिलं आणि मग ती जगभर पसरली. महाराष्ट्रात तिचं सर्वांत सुंदर फळ पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. जपानमधल्या ओकायामाच्या मैत्रीतून, तिथल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलेलं पु. ल. देशपांडे उद्यान. तिथे रविवारी संध्याकाळी जाणाऱ्या घरांना ओकायामा नकाशावर दाखवता येणार नाही कदाचित, पण जपानी बाग म्हणजे काय ते त्यांच्या पोरांना पायांनी ठाऊक झालेलं आहे.

संभाजीनगर-डुनहुआंगचं तसं काही झालेलं नाही. खरं तर या दोन ठिकाणांना जोडणारा प्रवासी आपल्या शाळेच्या पुस्तकातलाच आहे. चिनी भिक्षू युआन श्वांग 641च्या सुमारास महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीचं राज्य त्यानं पाहिलं आणि इथली माणसं मानी, उपकार जाणणारी, अपमानाचा सूड घेणारी आहेत असं लिहून ठेवलं. पूर्वेच्या डोंगरातल्या एका विहाराचं आणि दारापाशी दोन्ही बाजूंना असलेल्या दगडी हत्तींचंही त्यानं वर्णन केलं. तो विहार अजिंठ्याचाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 16व्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत. मायदेशी परतताना त्याची वाट डुनहुआंगवरूनच गेली.

दोन्हीकडची दुखणीही बहिणींसारखी आहेत, नुसती प्रकृती वेगळी. अजिंठ्याचा खडक काळा कातळ, म्हणून मूर्ती दगडातच कोरल्या. मोगाओचा खडक वाळू-गोट्यांचा, ठिसूळ. त्यात कोरणं अशक्य, म्हणून तिथल्या मूर्ती मातीच्या. चित्रांखाली मात्र दोन्हीकडे मातीचाच गिलावा, अजिंठ्यात भाताचं तूस आणि शेण घातलेला, मोगाओत गवताचे तंतू. दोन्हीकडचा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दाचा. अजिंठ्याला वाघूर नदीच्या घळीतली पावसाळी ओल, किडे आणि वटवाघळं छळतात. मोगाओला वाळू आणि भिंतीतून वर येणारे क्षार.

मोगाओच्या देखभालीसाठी डुनहुआंगमध्ये 1944 मध्ये एक संशोधन संस्था निघाली. चित्रकार चांग शुहोंग तिचे पहिले प्रमुख. पाण्याचीही वानवा असलेल्या त्या ठिकाणी चित्रकारांनी वर्षानुवर्षं राहून भिंतींच्या नकला केल्या. 1989 पासून अमेरिकेतली गेटी संस्था त्यांच्यासोबत काम करते आहे. 2014 पासून दिवसाला सहा हजार पर्यटकांची मर्यादा ठरली. पर्यटक आधी लेण्यांपासून दूर असलेल्या केंद्रात पडद्यावर चित्रं पाहतो, मग बसनं जातो आणि निवडक लेणीच पाहतो. तीस लेण्यांची छायाचित्रं 2016 पासून इंटरनेटवर सर्वांना खुली आहेत.

आपण हे सगळं जाणतो. अजिंठ्यातही गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढे बस जाते. जपानच्या कर्जातून लेण्यांच्या प्रतिकृतींसह मोठं अभ्यागत केंद्रही उभारलं गेलं. वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी ते बंद पडलं. डुनहुआंगकडून शिकायचं तंत्र अवघड नाहीच. शिकायचं आहे ते उभारलेलं रोज चालवत राहणं.

आणि इथेच या कराराची खरी अडचण आहे. तो दोन शहरांमध्ये झाला, पण अजिंठा संभाजीनगरच्या हद्दीत नाही. लेणी शहरापासून शंभर किलोमीटरवर, सोयगाव तालुक्यात, आणि ताबा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. महापालिकेला तिथला एक दिवाही बदलता येत नाही. त्यामुळे शिष्टमंडळांच्या दौऱ्यांत चर्चा होते ती रस्ते, हॉटेलं आणि उद्योगांची. तीही व्हावी. संभाजीनगरचं हिमरू कापड हातमागावर विणणारे आता मोजकेच उरलेत. रेशीममार्गावरच्या त्या शहरात येणाऱ्या लाखो पर्यटकांसमोर हिमरूची शाल ठेवता आली, तर तो व्यापार नात्याला साजेसाच ठरेल. पण ज्या गोष्टीमुळे हे शहर डुनहुआंगची बहीण ठरलं, ती टेबलावर यायलाच हवी.

2020 नंतर दोन्ही देशांमधलं जाणं-येणं जवळजवळ थांबलं होतं. थेट विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. आता शिष्टमंडळ निघालंच, तर पदाधिकारी खुशाल असोत, पण त्यांच्याबरोबर पुरातत्त्व विभागाचा रसायनतज्ज्ञ हवा, कला महाविद्यालयातली दोन-चार मुलं हवीत आणि अजिंठ्यात रोज लोकांना फिरवणारा एखादा मार्गदर्शक हवा. लेण्यात गर्दी दाटली की हवा कशी जड होते आणि लोक कोणत्या भिंतीला हात लावतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तिकडून माणसं आली तर त्यांचीही पहिली बैठक शहरातल्या हॉटेलात न घेता फर्दापूरला घ्यावी, पावसाळ्यात, भिंतींना ओल आलेली असताना.