वणव्यानंतर झाडं लावण्याची घाई

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल मागे टाकलं की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका समोर येतो. त्याच्या पायथ्याचं पक्षी अभयारण्य 1968 सालचं. पुढे वाढत वाढत आता सुमारे बारा चौरस किलोमीटरचं झालं आहे. शिमग्याच्या आसपास या टापूत, म्हणजे कर्नाळ्यापासून माथेरानच्या सोंडांपर्यंत नि इकडे खारघरच्या डोंगरावर, रात्री कुठे ना कुठे जाळाची माळ दिसतेच.

कॅलिफोर्नियाच्या रानात वीज पडूनही आगी लागतात. आपल्याकडे वळवाच्या आधी वीजच नसते, त्यामुळे इथला वणवा बहुतेक माणसाच्याच हातचा. कुणी राब भाजताना बांधावरची आग आटोक्यात ठेवत नाही, कुणी गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून माळ पेटवतो, कुणी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतो. ठपका मात्र सरसकट आदिवासींवर ठेवला जातो. शनिवार-रविवारी शेकोटी करून निखारे तसेच सोडणारी शहरी मंडळी यातून अलगद सुटतात! वन्यजीव कायद्याच्या कलम 30 नुसार अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, पण काडी कुणी ओढली हे सिद्ध करणं महाकठीण.

आपला वणवा जमिनीलगत सरकतो. मोठी झाडं बहुधा वाचतात. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली जाड साल आतल्या जिवाला झळ पोचू देत नाही. मरतात ती वर्षा-दोन वर्षांची रोपं. आणि रातव्याची अंडी. हा पक्षी घरटं बांधतच नाही, पाचोळ्यावरच अंडी घालतो, तीही नेमकी उन्हाळ्यात. रानकोंबडीचंही घरटं जमिनीवरच. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि तिचं बी वाळक्या बोंडांत पुढच्या पावसाची वाट बघतं. मधल्या उन्हाळ्यात जाळ फिरला, तर एवढ्या वर्षांची पुंजी एका रात्रीत खलास.

मग जुलैत फलक, टोप्या आणि खड्डे घेऊन वृक्षारोपण होतं. मला हा उत्साह बराचसा वाया गेलेला वाटतो. भाजलेल्या उतारावर पहिल्या सरींनंतर वाकून पाहिलं, तर काळ्या पडलेल्या खुंटाच्या बुडातून तांबूस कोंब फुटलेले असतात. मुळं जिवंत असतात; त्यांना फक्त पुढची चार-पाच वर्षं आग नको असते. तेवढीच त्यांना मिळत नाहीत. आगीने उघड्या पडलेल्या जागेत रानमोडी आणि घाणेरी घुसतात, गवत माजतं, फाल्गुनात ते सगळं वाळून पुन्हा पेट घेतं, आणि जुलैत लावलेलं रोपही त्यातच जातं.

म्हणून खरं काम पावसाळा संपल्यावरचं. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे पट्टा आखून त्यातलं गवत कापून वनखात्याने देखरेखीखाली जाळून टाकायचं. रानमोडी फुलण्याआधीच मुळासकट उपटायची, कारण तिचं बी वाऱ्यावर पसरतं. घळींत दगडांचे बांध घालायचे. नाहीतर कोकणातला पाऊस राखेबरोबर वरची मातीही नेतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे पाठवते, पण डोंगर चढून ओल्या फांद्यांनी जाळ झोडपायला पाड्यावरचीच पोरं लागतात. त्यांना हंगामभराची मजुरी वेळेवर दिली, तर रोपांवरचा पुष्कळसा खर्च वाचेल. अगदी उघड्याबोडक्या उतारावर लावायचंच असेल, तर ऐन, किंजळ, पांगारा, सावर अशी इथलीच झाडं लावावीत आणि प्रत्येक रोपाभोवतीचं गवत दिवाळीनंतर कापून काढावं.